कडूबाचा नववा भाग

हर्सूलच्या कडूबाला लोकांनी नवरा म्हणून नावं ठेवली, बाप म्हणून ठेवली, पण बी राखावं तर कडूबानंच, हे त्याचे दुस्मानही कबूल करायचे. जमिनीच्या पोटात बी साठवायचं त्याचं पेव होतं. बुडाला नि अंगाला कडबा, दाण्यात लिंबाचा पाला नि राख, वरून शेणमातीनं तोंड असं लिंपलेलं की मुंगीला वाट नाय. पेरणीच्या दिवसापर्यंत तो पेवाला हात लावू द्यायचा नाय. मधीच हवा लागली की किडा पडतो, म्हणायचा. ते खरंही होतं, जवारीच्या बाबतीत.

जवानीत तो फर्दापूरला छकडा घेऊन राहायचा. लेणी बघायला येणाऱ्यांचं सामान वाहायचं. बायको आवडाबाई संगं असायची. एका साली घाटात मुंबईची सिनेमा कंपनी उतरली. तेव्हाचा सिनेमा मुका, माणसं नुसती तोंडं हलवायची. कंपनीनं 'पाताळखिंडीची राणी' नावाचं बारा भागांचं चित्र काढायला घेतलं होतं. दर भागाच्या शेवटी राणी कुठंतरी कड्यावर लोंबकळत राहायची नि लोक पुढच्या भागाची वाट बघायचे.

नवव्या भागात राणीनं डाकूंच्या हातून सुटून छकडा पळवायचा होता. छकडा कडूबाचा. राणी झालेल्या मुंबईच्या बाई त्यात बसल्या, पण बैलं हलंनात. तांब्या नि मोऱ्या आवडाबाईच्या हाताखाली वाढलेले, दुसऱ्यानं कासरा धरला की खाली बसायचे. शेवटी कंपनीच्या मालकानं राणीचं लुगडं आवडाबाईला नेसायला लावलं. तिनं कासोटा घट्ट मारला, छकड्यात उभी राहिली नि नाल्यातून बैलं अशी काढली की डाकूंची घोडी मागं पडली. मालकानं बजावलं होतं की मागं वळून बघ नि भ्यालीस असं तोंड कर. तिनं मागं बघितलं नि खदाखदा हसली. भ्यायचं कशाला? बैलं तिची, नाला रोजचा. मालक चिडला, पण दुसऱ्यांदा बैलं पळवायला उजेड उरला नव्हता. हसणं तसंच राहिलं.

चित्र गावोगाव फिरायला लागलं त्याच्या आत आवडाबाई पटकीनं गेली. पोर सरू तेव्हा रांगत होती. फोटो काढायची चाल आपल्यात कुठली? माणूस गेलं की तोंडही गेलं.

हर्सूलला हरसिद्धीच्या जत्रंत तंबूचा सिनेमा आला तेव्हा कडूबा चार लोकांसंगं जाऊन बसला. नवव्या भागात बायको आली, मागं वळली, हसली, गेली. कडूबा उठला नि तिला बघायला पडद्यामागं गेला. तिथं बांबू होते नि दोऱ्या होत्या.

नावं ठेवली ती इथून पुढं. शेत वाट्यानं लावलं, सरूला बहिणीच्या, भागूबाईच्या पदरात टाकलं नि छकडा तंबूवाल्याच्या मागं जुंपला. तंबूत वजीरमियाँ म्हणून शहरातला एक गडी मशीनचा दांडा फिरवायचा. पडद्यावर मधी मधी लिहिलेलं यायचं, पण वाचता कोणाला येत होतं? म्हणून पडद्याशेजारी काठी घेऊन एक सांगणारा लागायचा. ते काम कडूबानं धरलं. राणी तोच, डाकूही तोच. डाकूंच्या तोंडी तो गावच्या पोलीस दफेदाराच्या शिव्या घालायचा, लोक लोळायचे. गंगापूर म्हणू नका, पैठण म्हणू नका, माणसं चित्रापेक्षा कडूबाला ऐकायला यायची.

पण नवव्या भागात छकडा नाल्यात शिरला की कडूबा गप. चार गावच्या लोकांपुढं आपल्या बायकोचं वर्णन कोणता माणूस करतो? जितेपणी त्यानं घरातसुद्धा तिचं नाव घेतलं नव्हतं. नि दुसरं असं की तोंड चाललं की डोळा चुकतो. त्याला बघायचं असायचं. लोकांना वाटायचं गडी दम खातोय. वजीरमियाँला ठाऊक होतं. तो त्या जागी दांडा हळू फिरवायचा. आवडाबाई वाईच जास्त हसायची.

मग बोलता सिनेमा आला नि तंबू गुंडाळला. कंपनी बसली. त्या चित्राचे बाकीचे भाग कोणी म्हणतं फितीतली चांदी काढायला उकळले, कोणी म्हणतं फितीच्या बांगड्या करायला गेले. आज त्यातलं चिटोरंही कुठं सापडत नाय. नवव्या भागाचा डबा तेवढा कडूबानं मागून घेतला नि छकड्यात घालून घरी आणला.

सरू तोवर मोठी झाली होती. तिनं विचारलं, माय कशी होती. भागूबाई म्हणायची गोरी, चुलती म्हणायची सावळी. कडूबा म्हणायचा, डब्यात हाय, दाखवीन. असली वस्तू घरात असताना तोंडानं काय सांगायचं? पण मशीन मिळंना. सरूचं लगीन झालं, बिडकीनला गेली. मग रझाकारांचं साल आलं. गाव सोडून खानदेशात पळायची पाळी आली तेव्हा कडूबानं डब्यात लिंबाचा पाला घातला, राख घातली, तोंड शेणमातीनं लिंपलं नि डबा पेवात पुरला.

पोलीस ॲक्शन झाली, माणसं माघारी आली. कडूबानं डबा काढला नाय. बी पेरायच्या दिवशीच काढायचं.

दोनेक वर्षांनी शहरात, शहागंजात त्याला वजीरमियाँ भेटला. आता एका थेटरात विजेची मशीन चालवत होता. एकाला रझाकारांपायी पळावं लागलं, दुसऱ्याला ॲक्शननंतर. त्याचं दोघांनीही एकमेकाला काही विचारलं नाय. डब्याचं निघालं. वजीरमियाँ म्हणाला, सकाळी घेऊन ये, खेळाच्या आधी लावतो.

सरूबाई बिडकीनहून आली ती लग्नातलं लुगडं नेसून. कडेवर लेक. कडूबानं पहाटंच पेव फोडलं, डबा न उघडता उपरण्यात बांधला. कुबट वास येत होता. पेवाचा असंल, म्हणाला.

थेटरात सरू म्होरच्या खुर्चीवर बसली. वजीरमियाँनं वर मशीनपाशी कडूबापुढं डबा फोडला. पाल्याची भुकटी, राख, नि खाली फितीच्या जागी काकवीसारखा चिकटा. त्यानं बोट लावलं तर तार निघाली. मधला गाभा तपकीर होऊन सांडला.

त्यानं बोट राखेत पुसलं. मग म्हणाला, "इसको हवा होना था, कडूबा. तुम इसका दम बंद कर दिये."

"बियावानी राखलं मी."

"हौ. बीज नहीं था ये."

कडूबा खाली आला नि लेकीला सांगितलं. सरूबाई रडली नाय. लेकीला मांडीवर नीट घेतलं नि म्हणाली, "मग सांगा, बा. जत्रंत सांगायचा तसं."

वजीरमियाँनं मशीनचा दिवा लावला. पडद्यावर नुसता पांढरा उजेड. कडूबा कडंला जाऊन उभा राहिला, हातात बैलाची काठी. डाकूंनी राणीला खांबाला बांधलं. दफेदाराच्या शिव्या निघाल्या तशी सरू पदर तोंडाला लावून हसली. राणीनं दातानं गाठ सोडली. छकड्यात उडी घेतली. धूळ उडाली, घोडी मागं लागली, छकडा नाल्यात शिरला.

कडूबा थांबला.

वर वजीरमियाँचा हात दांड्याकडं गेला. विजेच्या मशीनला दांडा नव्हता.

"पुढं?" सरू म्हणाली.

"पुढं तुझी माय येती."

"कशी?"

कडूबानं पडद्याकडं बघितलं. इतक्या जत्रा त्यानं त्या जागंला डोळे लावले होते नि एक शब्द जुळवला नव्हता.

"आवडा," तो म्हणाला. सरूनं बापाच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. ती पुढचं ऐकायला वाकून बसली.

"हसती म्हणं ती," सरूनंच धागा दिला.

"व्हय. हसती."

"कशी हसती, बा?"

कडूबानं काठी खाली टेकली नि नाय जमत अशी मान हलवली. भाएर तिकिटाला माणसं जमली होती. वजीरमियाँनं दिवा मालवला.

डब्यातलं ते वजीरमियाँनं लांब नेऊन टाकलं. विस्तवाजवळ ठेवू नये असा माल तो. सरू त्याच दिवशी बिडकीनला गेली. कडूबानं पेव मुरूम टाकून बुजवलं नि पुढं मरेस्तोवर बी दुसऱ्याकडून आणून पेरलं. लोक म्हणाले, म्हातारा आळसला.

सरूबाईनं आपल्या लेकीला ती गोष्ट लई वेळा सांगितली. खांब, गाठ, दफेदाराच्या शिव्या, सगळं बापावानी. छकडा नाल्यात शिरला की ती थांबायची. लेकीला वाटायचं, गोष्ट तिथंच संपती.