मुलांच्या खोलीची घंटी

जुन्या वास्तूत नोकरी करा, किस्से धुळीसारखे साठतात. आज झाडले तरी उद्या पुन्हा हजर! इकडे उत्तरेत आमचा सिव्हिल लाइन्समधला, म्हणजे जुन्या गोऱ्या वस्तीतला, बंगला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, आता सरकारी हेरिटेज. तिथे आम्ही तिघं मराठी: दुरुस्ती बघणारे सावंत, लातूरची गाइड नसीम आणि तिकीट खिडकीवर मी.

डबा आम्ही जुन्या स्वयंपाकघरात खातो. तिथे भिंतीवर घंट्यांची फळी आहे. वर खोलीत मेमसाहेबांनी दोर ओढला की खाली नोकरांना कळायचं. आता दोर नाहीत, ताराही कापल्यात. तरी माझ्या पहिल्याच आठवड्यात मुलांच्या खोलीची घंटी वाजली! माझा घास हातातच राहिला. सावंत मान वर न करता ओरडले, "जेवतोय!"

घंटी थांबली. तेव्हापासून तो रिवाजच झाला.

*

एकदा इलेक्ट्रिशियन बोलावला. "मैडम, इसमें तो तार ही नहीं है," तो हसला. तेवढ्यात वाजली. त्याची पक्कड अजून आमच्याकडे आहे.

*

नागपूरच्या एक काकू मुलांच्या खोलीत नसीमला म्हणाल्या, "खिडकीतला तो मेमचा पुतळा किती हुबेहूब केलाय हो!"

"हो, बिल्कुल," म्हणत नसीमने सगळ्यांना खाली आणलं. आमच्याकडे एकही पुतळा नाही.

*

नवीन साहेबांना हे सगळं थोतांड वाटायचं. घंटी वाजताच ते गमतीत ओरडले, "कमिंग, मॅडम!" वर कुणीतरी दाराकडे धावल्याचा आवाज आला. साहेब हल्ली डबा गाडीत खातात.

*

मेच्या सुट्टीत माझ्या ओवीला सोबत नेलं होतं. सात वर्षांची पोर, तिला दमा. ती बागेत खेळत होती, आम्ही जेवत होतो. घंटी वाजली.

"जेवतोय!" सावंत ओरडले. थांबली नाही. पुन्हा ओरडले. ती वेड्यासारखी वाजतच राहिली!

मी बागेत डोकावले. ओवी नव्हती. पर्स घेऊन मी वर धावले. मुलांच्या खोलीचं दार आपटून बाहेरची कडी पडली होती. आत ओवी जमिनीवर, ओठ निळे पडलेले. इनहेलर दिला, हळूहळू श्वास सुरळीत झाला आणि मी तिला कवटाळून ढसाढसा रडले.

"घंटी कशी वाजवलीस गं?" मागून सावंतांनी विचारलं.

"मी नाही, आंटीने वाजवली," ओवी म्हणाली. "आंटी बोलली, तिच्या बेबीच्या टाइमला पण खाली सगळे जेवतच होते."