समजतं सगळं, बोलत नाही

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनी नावाच्या उपनगरात, आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यामधल्या लाकडी कुंपणापाशी, यंदाच्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखिकेला भर दुपारी, साक्षीदारांसमक्ष खोटारडी ठरवण्यात आलं. लेखिकेला हा आरोप मान्य आहे. आरोपाचे शब्द सुरेख अक्षरात लिहून, फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचे असंही तिने ठरवलं होतं, पण नवऱ्याने भिंतीला खिळा ठोकायला नकार दिला. घर भाड्याचं आहे.

आता हे कसं घडलं ते सांगते. सांगताना माझा आवाज चढेल. चढू दे. प्रकरणच संतापाचं आहे.

आमच्या शेजारी नायजेरियाचं कुटुंब राहतं. ती नर्स, तो पुलांचा इंजिनिअर आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. या वसाहतीत सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी राखाडी, आणि सगळी माणसं मला माझ्या नावाने हाक मारतात. पोस्टमन नावाने, समोरचं सहा वर्षांचं शेंबडं पोर नावाने, आणि तेही नावाची पार चटणी करून. फक्त ही शेजारची मुलगी पहिल्या दिवशी आईचा हात धरून आली, गुडघ्यात किंचित वाकली आणि म्हणाली, “गुड आफ्टरनून, आंटी.” ही मंडळी योरुबा, आणि योरुबा घरांत मुली मोठ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. हिचं वाकणं अर्धंमुर्धंच होतं, पण वाकणं होतं. मी तिथल्या तिथे विरघळले. बेसनाचे तीन लाडू तिच्या हातात कोंबले.

गुडघे तेवढे योरुबा राहिले होते. जीभ पूर्ण न्यूझीलंडची. चकचकीत इंग्रजी, मध्ये मध्ये ‘हीप्स’ म्हणजे पुष्कळ, शेवटी ‘स्वीट ॲज’ म्हणजे झकास. आईबाप एकमेकांशी योरुबात बोलायचे आणि मुलीकडे वळले की रेडिओचं बटण फिरवल्यासारखे इंग्रजीत यायचे.

“असं का गं?” मी एकदा शेजारणीला विचारलं.

मुलगी तीन वर्षांची असताना बालवाडीतल्या बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं म्हणे, की घरात दोन भाषा असल्या की मुलाचा गोंधळ होतो, तेव्हा घरीही इंग्रजीच बोला. कसं सांगितलं? गोड हसून! एखाद्या घरात शिरून माणसाची भाषा उचलून न्यायची असेल तर निदान तोंडाला रुमाल बांधून, खिडकी फोडून या. इथे कागदी कपातून चहा पाजून काम उरकलं.

“आणि तू ऐकलंस?”

“सिस्टर,” ती मला सिस्टर म्हणते, “आमच्या शाळेत वर्गात योरुबा बोललं की गळ्यात पाटी अडकवायचे. दिवसभर. मी पुष्कळ दिवस ती पाटी घातली आहे. मला वाटलं, माझ्या पोरीला तरी नको.”

मग पाटीबरोबर गळाही काढून टाकलास की गं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून मी म्हणाले, “चहा टाकू?”

आमच्या लोकांना मात्र असा चहा मिळत नाही. त्यांना माझ्याकडून जे मिळायचं ते मिळतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कागदी ताटलीत पावभाजी घेऊन उभं राहावं, की कोणीतरी आई मान वाकडी करून कौतुकाने म्हणतेच, “आमच्या ह्याला समजतं हं सगळं, फक्त बोलत नाही.” बाई गं! हे वाक्य पुण्यात मी आयुष्यभर एकाच जिवाबद्दल ऐकलं होतं, आमच्या समोरच्या काकांच्या अल्सेशियनबद्दल. “समजतं हो त्याला सगळं, फक्त बोलत नाही.” काकांच्या आवाजात निदान खंत असायची. इथे अभिमान! एकदा न राहवून मी एका आईला विचारलं, “शेपूट हलवतो का?” त्यानंतर त्या घरातून मला वाढदिवसाचं बोलावणं आलेलं नाही.

आणि माझी स्वतःची लेक? ती ख्राइस्टचर्चला इंजिनिअरिंग शिकते. फोनवर मी तिला टाकानिनीची इत्थंभूत बातमी, आवाज बदलून, पात्रं रंगवून सांगते आणि पलीकडून दाद येते, “स्वीट ॲज, आई.” त्यातलं ‘आई’ तेवढं आपलं. त्याच्यावर निभावते आहे.

तर यंदा जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, शेजारणीची आई नायजेरियाहून आली. उंच, ताठ, डोक्याला निळं कापड असं बांधलेलं की टाकानिनीत राणी उतरली असं वाटावं. विमानतळावरून गाडी घरापाशी आली तेव्हा मी कुंपणाशी हजर होतेच. (मी कुंपणाशी हजर नसते असं क्वचित होतं.) म्हातारी उतरली आणि नातीकडे बघून तिने हात पसरून बोलायला सुरुवात केली. नंतर कळलं की योरुबात प्रत्येक गोष्टीचा वेगळा नमस्कार असतो. प्रवासाहून आलेल्याला वेगळा, काम करत असलेल्याला वेगळा, नुसतं बसलेल्याला वेगळा, थंडीत कुडकुडणाऱ्यालासुद्धा वेगळा. म्हातारीने ते सगळे अंगणात एकामागून एक उधळले आणि उत्तरासाठी थांबली.

नात अर्धी वाकली. म्हणाली, “हाय, ग्रँडमा.”

एवढ्या ऐश्वर्याला उत्तर काय, तर हाय!

त्या रात्रीच्या जेवणाला मी बोलावलेली होते. म्हातारी बोलत होती आणि शेजारीण मला इंग्रजीत सांगत होती. “आई म्हणते, आता पुन्हा एवढ्या लांब माझं येणं व्हायचं नाही. जाण्याआधी या पोरीने मला एकदा माझ्या भाषेत उत्तर द्यावं. चांगलं बोलायला हवं असं नाही. भांडली तरी चालेल.”

“येईल हळूहळू, आई. लाजते ती,” शेजारीण म्हणाली.

“इरॉ नी!” म्हातारी कडाडली.

म्हणजे काय, ते मी लगेच विचारून घेतलं. इरॉ नी म्हणजे साफ खोटं. हा माझा योरुबाचा पहिला धडा, आणि म्हातारीने त्याची उजळणी भरपूर करून घेतली. फोनवर ऊन दाखवलं आणि पाऊस आला की इरॉ नी. कोपऱ्यावरच्या डेअरीतून (इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात) आणलेल्या बाटलीवर ‘अतितिखट सॉस’ लिहिलेलं, चाटून बघितलं, इरॉ नी! मग मी कुंपणावरून माझा हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. तिने बोट बुडवलं, चाखलं, डोळे मिटले आणि मान डोलावत म्हणाली, “ओ दून.” चवदार आहे. हा दुसरा धडा. या देशात माझ्या ठेच्याला डोळ्यांत पाणी न आणता दाद देणारं ते पहिलं माणूस.

आमची दोघींची मैत्री तिथून जमली. रोज दुपारी शेजारीण ड्युटीवर गेली की आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहायचो. ती योरुबात, मी मराठीत. इंग्रजी तिला दोन-चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिने तेही ऐकू येणं बंद करून टाकलं. नात इंग्रजीत काही म्हणाली की म्हातारी आभाळाकडे बघायची. मला मात्र तिचं सगळं कळायचं. जावयाचं वजन वाढलंय, इथल्या कोंबडीला चव नाही, सून कशी असते. हातवारे, डोळे, भुवया यांचं व्याकरण सगळीकडे सारखंच.

फेब्रुवारीत शाळेत कार्यक्रम झाला. मुलीसाठी शेजारीण, नातीसाठी म्हातारी, आणि म्हातारीसाठी मी. एकेक मूल मंचावर येऊन माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, भाषेत स्वतःची ओळख करून देत होतं. माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझी माणसं ही, अशी ती ओळख द्यायची रीत आहे. आमच्या शेजारची मुलगी आली. खणखणीत आवाज, एकही अडखळणं नाही. डोंगर, नदी, माणसं, सगळं स्वच्छ. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्या भाषेचाही कोणीतरी असाच गळा आवळला होता आणि तिची माणसं तिला परत घेऊन आली. तिला माझ्या टाळ्या कमीच आहेत.

पण टाळ्या वाजवता वाजवता माझं टाळकं फिरलं. अहो, ह्या पोरीचा दोन भाषांनी गोंधळ होणार होता ना? मग आता कुठे गेला गोंधळ? शाळेने शिकवलेली दुसरी भाषा मेंदूत सुरळीत मावते आणि आजीची तेवढी मावत नाही? की गोंधळ फक्त घरच्या भाषेचाच होतो? त्या बालवाडीच्या बाई आत्ता समोर असत्या तर मी त्यांना हे सगळं मराठीत विचारलं असतं आणि त्यांचा जो व्हायचा तो गोंधळ होऊ दिला असता.

म्हातारीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने लेकीला काहीतरी विचारलं, आणि शेजारीण मान खाली घालून मला म्हणाली, “आई विचारते, ही आपली भाषा होती का? मी विसरले तर नाही?”



म्हातारीच्या जाण्याचा आठवडा आला. त्या दुपारी शेजारीण सुट्टीवर होती, अंगणात बॅगेचं वजन करत होती. म्हातारी दोरीवर कपडे घालत होती. मुलगी ट्रॅम्पोलिनवर आडवी पडून टॅबलेटमध्ये डोकं घालून होती. मी कुंपणाशी. म्हातारीने नातीला हाक मारून काहीतरी विचारलं, मऊ आवाजात. हातानेही दाखवलं, पोटाकडे, मग स्वयंपाकघराकडे. आदल्या दिवशी तिने टरबुजाच्या जातीच्या बिया वाटून, सिल्व्हरबीटची पालकासारखी पानं चिरून त्यांचं दाट सूप केलं होतं. पोरीने दोनदा मागून घेतलं होतं आणि शेवटी वाडगा चाटला होता. मी स्वतः तिथे होते. तेच आज देऊ का, असं ती विचारत होती. मला कळलं, पोरीला कळलं, कुंपणालासुद्धा कळलं असेल.

“ना, आय ॲम गुड,” पोरगी मान वर न करता म्हणाली.

म्हातारीने पुढचा कपडा उचलला. झटकला. दोरीवर घातला. मला वाटतं ती तेवढ्यात आशा सोडून मोकळी झाली होती.

तिने सोडली असेल. माझ्या डोक्यातून वाफ निघत होती. समजतं सगळं, बोलत नाही! थांब तू, म्हटलं.

मंडळाच्या नाटकात मी दरवर्षी खलनायिका असते, सरावाचा प्रश्न नव्हता. “आजी!” मी अशी हाक दिली की तिघींनी वळून बघितलं. मी ट्रॅम्पोलिनवरच्या कन्येकडे बोट दाखवलं. मग हवेतला वाडगा तोंडाला लावला. चेहरा असा केला की जणू पायताण उकळून प्यायले. नाक चिमटीत धरलं. मग तो वाडगा घेऊन, मागे-पुढे चोरून बघत, पावलं टाकत चाकांच्या कचरापेटीपाशी गेले, झाकण उघडलं आणि सूप आत ओतलं. शेवटी पुन्हा एकदा बोट, तुमच्या नातीने, आजी. हिने.

म्हातारीच्या हातातला चिमटा गळून पडला. ती नातीकडे बघत राहिली. तिला खरं वाटलं की ती माझ्याहून मोठी नटी होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पोरगी ताडकन उठली. “नो! ग्रँडमा, नो! आय डिडन्ट!”

म्हातारीने आभाळाकडे बघितलं. तिला इंग्रजी ऐकू येत नव्हतं.

“मम, सांग ना तिला!” पोरगी आईकडे वळली.

मी कुंपणावरून शेजारणीकडे बघितलं. तोंड उघडशील तर याद राख, असं डोळ्यांनी सांगितलं. शेजारणीने ओठ घट्ट मिटले. बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

पोरगी ट्रॅम्पोलिनवरून उडी मारून अनवाणी धावली. आजीसमोर गवतात धप्पकन दोन्ही गुडघ्यांवर बसली, या वेळी अर्धीमुर्धी नाही, आणि माझ्याकडे बोट रोखून, रडत, साऱ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात किंचाळली, “इरॉ नी! ओ दून, ग्रँडमा, ओ दून! आंटी, इरॉ नी!”