टाकीवरची उघडी पट्टी

रंगनाथरावांना नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बसतात तेव्हाही ते काहीतरी तपासत असतात. दूधवाल्याचं माप, जिन्यातला बल्ब, बायकोने चिरलेली भेंडी. मूळचे भुसावळचे, रेल्वेत पाणीपुरवठ्याच्या खात्यात लागले, बदल्या होत होत जयपूरला आले आणि रिटायर झाल्यावर बनी पार्कात आमच्या वरच्या मजल्यावर कायमचे राहिले. आमचं नशीब, दुसरं काय!

नोकरीभर त्यांनी पंपहाऊस सांभाळली. तिथल्या मोठ्या टाक्यांना बाजूने काचेची नळी असायची, आत पाणी कुठवर आहे ते बाहेरून दिसायचं. ज्या टाकीची लेव्हल दिसत नाही ती टाकी भरवशाची नाही, हे त्यांचं ठाम मत. हाच नियम त्यांनी घरात विजयमालावहिनींनाही लावला. वहिनींनी फोनवर बोलायचं ते स्पीकर लावून. वहिनींची पर्स टीव्हीशेजारी, उघडी. देवाला हात जोडून त्या जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या तरी मागून आवाज यायचा, "काय मागतेस एवढं?"

अशा घरात वहिनींना एकच गोष्ट स्वतःची मिळाली. त्यांची मुलगी अनुश्री बंगळूरला असते. तिने गॅलरीत ठेवायची, मातीशिवाय भाजी पिकवायची टाकी पाठवली. प्लॅस्टिकची बुटकी टाकी, बाहेरून काळा रंग दिलेली. झाकणाला भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या, वाट्यांत रोपं, आणि मुळं खाली औषध घातलेल्या पाण्यात. एक चिमुकला पंप पाण्यात हवा सोडत राहायचा. सोबत चुक्याचं बी होतं. जयपूरच्या बाजारात मेथी, बथुआ म्हणजे आपला चाकवत, हवा तेवढा मिळतो, पण चुका काही माझ्या दृष्टीला पडलेला नाही. वहिनी जिन्यातच मला म्हणाल्या, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सगळ्यांना चुक्याची जुडी देणार आहे. प्लॅस्टिकचे डबे देऊन देऊन कंटाळा आलाय." त्यांच्या तोंडून 'मी देणार आहे' हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी रंगनाथरावांनी ब्लेड घेतलं आणि टाकीचा काळा रंग वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीच्या पट्टीत खरवडून काढला. पट्टीवर मार्करने खुणा केल्या. मग आपल्या खुर्चीतून दिसावी म्हणून पट्टी उन्हाकडे वळवून ठेवली. "आता कळेल पाणी किती ते," म्हणाले.

पाणी किती ते कळलं खरं. थोड्याच दिवसांत ते हिरवंही झालं. मुळांना तपकिरी चिकट बुरशी धरली, पानं माना टाकू लागली. अनुश्रीने व्हिडिओवर बघितलं आणि ओरडलीच. "बाबा, ही पट्टी कोणी केली? पाण्यात उजेड गेला की शेवाळ होतं. मतलब, मुळांना अंधारच लागतो. बंद करा आधी ती!"

"तू शाळेत जायच्या आधीपासून मी टाक्या बघतोय," रंगनाथरावांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

वहिनींनी पट्टीवर काळी चिकटपट्टी लावली. रंगनाथरावांनी ती सोलली. पुन्हा लावली, पुन्हा सोलली. दुसऱ्यांदा पेरलेलंही कुजलं. तेव्हा रंगनाथराव गॅलरीत उभे राहून, खाली माझ्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या हाताला काही जगतच नाही."

वहिनींचं पहिलं मूल, मुलगा, भुसावळला तान्हा असतानाच गेला होता. हे मला ठाऊक होतं, रंगनाथरावांना तर होतंच. माझ्या हातात लाटणं होतं आणि ते घेऊन वर जावं असं मला मनापासून वाटलं.

डिसेंबरात पुतण्याच्या लग्नासाठी ते भुसावळला गेले. सर्दीचं निमित्त करून वहिनी मागे राहिल्या. गाडी सुटली असेल-नसेल तोच त्यांनी टाकी घासली, ताजं पाणी भरलं, पट्टीवर काळा रंग लावला आणि वरून रेल्वेच्या जुन्या काळ्या घोंगडीने सगळी टाकी बांधून टाकली. झाकणाची रिकामी भोकंसुद्धा चिंध्यांनी बुजवली. लग्न, मग भावाकडचा मुक्काम, मग कोर्टातलं जमिनीचं काम असं करत रंगनाथराव तिकडे लांबले. देव कधीकधी उशिरा का होईना ऐकतो. चुका असा तरारला की पानं कठड्याबाहेर लोंबायला लागली. एकदा वहिनींनी मला एक वाटी अलगद उचलून दाखवली. मुळं पांढरीशुभ्र, लांब, ओली. "बघितलंस?" म्हणाल्या आणि लगेच खाली ठेवली, जास्त वेळ उजेड नको म्हणून. त्या बाईला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी रथसप्तमीच्या आधीचा रविवार ठरवून सगळ्या मराठी बायकांना निरोप धाडले. त्यांच्यापैकी आर्मीतल्या प्रतिमाला तर आधीच कळवलं, चण्याची डाळ भिजत घालून ठेव, पातळ भाजी करायची आहे.

शुक्रवारी रंगनाथराव परतले. हिरवीगार गॅलरी बघून खूश झाले. "आली म्हणायची टाकी रुळावर. मी नसताना काय घातलंस हिच्यात?"

वहिनींनी खरं सांगितलं. "काही नाही हो. उजेड तेवढा बंद केला."

ते जेवले, झोपले.

शनिवारी वहिनी आणि मी तिळाच्या वड्या आणि हळदीकुंकवाच्या पुड्या आणायला गेलो. परत आलो तर गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरलेली, आणि त्यांवर भर उन्हात एकेक रोप ओळीने निजवलेलं. वाट्यांतून उपटलेलं, मुळांसकट. मुळं सुकून दोऱ्यासारखी झाली होती. पानं मिटली होती. घोंगडी घडी घालून कोपऱ्यात ठेवलेली, पट्टीवरचा रंग पुन्हा खरवडलेला. रंगनाथराव आंघोळ करून, केस विंचरून खुर्चीत बसले होते.

"उजेडाने मरतात म्हणालीस ना? म्हटलं, बघू तरी."

हा माणूस मूर्ख आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. तो मूर्ख नव्हता. त्याला सगळं कळलं होतं, कळलं म्हणूनच त्याने हे केलं.

वहिनी रडल्या नाहीत. रोपं गोळा करून कचऱ्यात टाकली आणि रविवारी बायकांना वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे दिले. प्रतिमाने विचारलंच, "आणि चुका?" वहिनी म्हणाल्या, "माझ्या हाताला काही जगत नाही गं." आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या माणसाने पान उलटलं.

तेव्हापासून वहिनींनी टाकीत काहीही लावलेलं नाही. टाकी मात्र त्या रोज भरतात, बरोबर खुणेपर्यंत. पंपही चालू ठेवतात. आत फक्त हिरवं, दाट, वास मारणारं पाणी. सकाळी खुर्चीतून आवाज येतो, "लेव्हल ठीक आहे." त्या म्हणतात, "हो."

त्यांच्या घरी कोणी आलं की वहिनी चहा ठेवतात आणि आदबीने सांगतात, "अहो, यांना आपली टाकी दाखवा ना." पाहुणे उठतात. रंगनाथरावांनाही उठावं लागतं. "यात लावलंय काय?" असं प्रत्येक जण विचारतो, आणि वहिनी कपबशा घेऊन दारात उभ्या राहतात, उत्तर ऐकायला.

मध्यंतरी एकदा ते हळूच म्हणाले, "काढून टाकू या का ही आता?"

"छे," वहिनी म्हणाल्या, "दिसायला नको का?"