ओझ्याशिवाय बघायची मुंबई

"मुंबय बघायची तर पयलं सोयऱ्यांना कळवायचं नाय!" असं म्हणताना आमची शेजारीण काकी बोट असं नाचवायची, की समोरची बाई मोबाइल गुपचूप कमरेला खोचायची.

महाडजवळच्या आमच्या वाडीत घरटी एक तरी माणूस मुंबईला. बायका मात्र तिकडे जायच्या त्या लेकीसुनांच्या बाळंतपणांना. माझ्या आईनं तिथं सगळी नातवंडं न्हाऊमाखू घातली, पण गेट वे कुठल्या दिशेला ते तिला ठाऊक नव्हतं. काकीला याचा भारी राग. "मुंबयची भांडी पुष्कळ घासलीस गो, आता मुंबय बघ!"

भातकापणी उरकली, की काकी पाचसहा जणींना घेऊन महाड डेपोतून एसटी पकडायची. तिचे नियम तुम्हीही ध्यानात ठेवा. ऊन चढायच्या आत दगडी इमारती बाहेरून बघून घ्यायच्या, दुपारी म्युझियम, तिथं सावली असते. सोमवारी जायचंच नाही. एकदा म्युझियमच्या बंद दारासमोर भाकऱ्या खाऊन परतलेली ती. चप्पल जुनी, सवयीची.

आणि हातात ओझं नको. पण आमच्या बायका त्या! रिकाम्या हातानं मुंबईला जायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. आईनं पहिल्याच खेपेला माझ्या भावासाठी सुकट लपवून नेली. म्युझियमच्या दारात पिशवी उघडली नि असा वास सुटला म्हणता! रखवालदार म्हणाला, "ये अंदर नहीं जाएगा." आई लगेच बाजूला झाली. "मी बसते पिशवी धरून. तुम्ही या बघून."

काकी कडाडली, "हितंपण बाहेरच बसायला आलीस काय?" तिनं पिशवी उचलली, फुटपाथवरच्या फुलवालीला देऊन टाकली आणि आईला दंडाला धरून आत नेलं. आई दिवसभर फुगलेली. घरी आल्यावर मात्र आठवडाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

गेल्या पावसाळ्यात काकी गेली. वाटलं, संपलं आता. पण कापणी झाली नि आईनंच बायका गोळा केल्या. मीही गेले. गेट वेपाशी आईचा फोन वाजला. भावाला कुठून तरी कळलं होतं.

"आई, मुंबईत येऊन घरी नाही येत? हिला जरा हातभार लागला असता."

मला वाटलं, आता ही निघणार.

"नाय रे बाबा," ती म्हणाली. "आज मी मुंबय बघायला आलेय."

काय सांगू! काकीला हाक मारावी म्हणून मी वळलेसुद्धा.