माठाखालची वाळू

“बाटल्या कोठे ठेयेल व्हत्यात, मावशी? खरं सांग.”

“माठखाले.”

“माठखाले म्हंजे?”

“वल्ली वाळू ऱ्हास ना, तिन्हामा. नागवेलनं पान आठ दिन हिरवं ऱ्हास तठे. मंग बाटल्यासले काय व्हई?”

गोकुळ खाटेवरून उठला, परत बसला. कळसाडी आणि आजूबाजूच्या गावांत तो गुराढोरांना, कुत्र्यांना औषधपाणी करतो. सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात.

“फ्रिज नही का तुन्हा घरमा?”

“शे ना. पन त्यामा देवना निवदनं दूध ऱ्हास. कुत्रासनं औषध त्याले लागीसन ठेवू का?”

“मी सांगेल व्हतं ना, फ्रिजमाच ठेव.”

“सांगेल व्हतं.”

“मंग मी टोचाले उनू तव्हय काबर बोलनी नही?”

“तू इचारं नही.”

बेबीबाई एवढं बोलली आणि फडक्यानं ओटा पुसायला लागली. ओटा सकाळपासून तीनदा पुसून झाला होता. अंगणभर फिनेलचा वास होता, आणि फिनेलखाली तो दुसरा वास. चार दिवसांत तीन पिल्लं गेली होती. रक्ताची हगवण लागायची, दुसऱ्या दिवशी पिल्लू मान टाकायचं. चौथं पिल्लू गेल्याच आठवड्यात कोरीटच्या नवनीतनं नेलं होतं, ते त्याच्या मळ्यात मेलं. त्याचा फोन सकाळी आला. रागावला नाही तो. “सुई दिधेल व्हती ना, बाई?” एवढंच विचारलं. बेबीबाई म्हणाली, “दिधेल व्हती.” आणि मग तिनंच गोकुळला बोलावून घेतलं.

बेबीबाईच्या कुत्र्यांची ही ओळ सासऱ्यापासूनची. ऊस आणि कपाशी असलेल्या गावात डुकरं येणारच, आणि डुकराला शिवारातून काढायला कुत्रं लागतं. भुंकणारी पुष्कळ मिळतात. डुक्कर उभं राहिलं की आपणही उभं राहणारं, वेड्यासारखं अंगावर न जाता त्याला बांधाकडं रेटणारं कुत्रं मिळत नाही. ते बेबीबाईकडं मिळायचं. तिची कुत्री भुरी माजावर आली की ती आठ-दहा दिवस तिला घरात कोंडायची आणि मग दोरी धरून ठेलाऱ्यांच्या मेंढ्या बसलेल्या असतील तिथं चालत न्यायची. तिथला नर आधी दिवसभर बघायची. मागचे पाय कसे टाकतो, कान ऐकतात का, खरूज आहे का. एकदा एक पांढराशुभ्र, देखणा नर तिनं नाकारला. ठेलारी म्हणाला, “बाई, ह्याचा फोटो काढायला लोक थांबतात.” ती म्हणाली, “फोटोच काढा मंग. ह्याले ऐकू येत नही.”

पिल्लू ती पैसे घेऊन द्यायची नाही, पण बांधून ठेवणाऱ्याला मुळीच द्यायची नाही. आणि सुई दिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. पिसाळीच्या लसीचं शिबिर गावात पहिल्यांदा आलं तेव्हा लोक म्हणत होते, सुईनं कुत्रं मऊ पडतं. ही तीन कुत्री दोरीला बांधून सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली. वर्षभरानं म्हणाली, “मऊ पडनं का नही, ते आते डुकरासलेच इचारा.” तेव्हापासून बेबीबाईचं पिल्लू म्हणजे सुई दिलेलं पिल्लू, असं दूरदूरची माणसं धरून चालायची.

चूक झाली ती परीक्षेपायी. दीड महिन्याची झाली की ती पिल्लं टोपल्यात घालून कपाशीच्या पार पलीकडच्या बांधावर नेऊन सोडते आणि मागं न बघता घरी येते. मग दारात बसते. कोण आधी येतं, कोण रडत येतं, कोण तिथंच बसून राहतं, त्यावरून पिल्लू कुणाला द्यायचं ते ठरतं. गोकुळ हगवणीच्या लसीच्या बाटल्या घेऊन आला तेव्हा परीक्षेला चार दिवस बाकी होते. सुईनं अंग कणकण करतं, पिल्लू सुस्त पडतं, मग परीक्षा खोटी ठरते, असं तिचं म्हणणं. “चार दिन थांब,” ती म्हणाली. गोकुळला पुढं एका अडलेल्या गाईकडं जायचं होतं. तो बाटल्या ठेवून गेला.

परीक्षा झाली. चार पिल्लं धडपडत, केकाटत आली. पाचवी, काळी, सगळ्यांत शेवटी आली. वाटेत डुकराच्या मागाचा वास घेत बसली होती. आवाज न करता आली आणि आईजवळ न जाता दारात उभी राहिली. बेबीबाईला ती स्वतःला ठेवायची होती, कारण भुरी अकरा वर्षांची झाली, हे तिचं शेवटचं वेत. पण मोलगीकडचा भीमसिंग दोन वर्षं थांबला होता. त्याच्या शेळ्या बिबट्या उचलत होता. सुई दिल्यावर तिसऱ्या दिवशी ती काळी त्याच्या झोळीत बसून डोंगरात गेली. रोग अंगणात आला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी.

“काळी वाचनी आसी,” गोकुळ म्हणाला. “पन तिन्हा आंगमा काहीच नही. गरम झायेल लस म्हंजे पानी. आजच नवी सुई पडाले पाह्यजे. तू जाऊ नको तठे. तुन्ही चप्पलसंगे रोग जाई. थर्मासमा नव्या बाटल्या आनेल शेत, जीपवाला जोडे धाडस.”

“फोन करस.”

आज मोलगीचा बाजार होता. भीमसिंगच्या पाड्यावर फोन लागत नाही, बाजारात आला तरच लागतो. गोकुळनं आवाज खाली केला. “तशी दुसऱ्या सुईनी येळ व्हयेलच शे. तितलंच सांग. बाकीनं सांगानी गरज नही.”

बेबीबाईनं फडकं बादलीत टाकलं आणि फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

“कोण, कळसाडीवाली बाय का?” भीमसिंग बाजारातली सगळ्यांना कळेल अशी भाषा बोलत होता. मागं कोंबड्यांचा कलकलाट होता.

“काळी कशी शे?”

“अरे, ती तर मला शिकवते! आज शेळ्यांमागं निघाली होती. टोपलीखाली झाकून आलोय.”

“आईक. पहिली सुई फुकट गई. मन्हा हातथून. मी बाटल्या वाळूमा ठेयात, त्या खराब व्हयन्यात. आठे सगळा मरी गयात.”

भीमसिंग बाजूला सरला असावा, कोंबड्यांचा आवाज दूर गेला.

“सगळी?”

“तुन्हीच एक राह्यनी.”

“मग मी काय करू, सांग.”

“गोकुळ जीपवाला जोडे बर्फमा दोन बाटल्या धाडी ऱ्हायना. तठला ढोरसना डाक्टरले आत्तेच सांगी ठेव. बाटल्या उतरन्यात का लगेच एक टोच. दुसरी त्यानाच फ्रिजमा ऱ्हाऊ दे, ती तीन हप्तानी टोच.”

“आणि घरी ठेवायची झाली तर?”

“ठेवूच नको.”

भीमसिंग म्हणाला, “बाय, हिला पिल्लं झाली की पहिली मादी तुला आणून देतो.”

“वरीसभर आनू नको. रोग मातीमा ऱ्हास आठे. त्यापुढे पाहू.”

“तोवर डुकरं?”

“ते मी पाहसू.”

तिनं फोन बंद केला. गोकुळच्या थर्मासमधला बर्फ वितळत आला होता. तिनं सुनेला, कामिनीला, बर्फ आणायला सांगितलं. कामिनी आतून म्हणाली, “आत्या, देवनं दूध आडं शे. मी पारोशी शे, कशी सरकाडू?”

बेबीबाई हात धुऊन आत गेली. दुधाचं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं आणि बर्फ काढून गोकुळला दिला. त्यानं तो थर्मासमध्ये कोंबला, गाडीला किक मारली.

“मावशी, नवनीतले काय सांगू?”

“मी सांगसू. सकाळे खोटं मीच बोलनू.”

गाडी गेली. नवनीतला फोन लावला तर कुणी उचलला नाही. दुपारी परत लावायचा असं तिनं मनात धरलं. मग घमेलं घेऊन माठाखालची वाळू हातानं काढली आणि उकिरड्यावर ओतून आली. माठ कोरड्या विटांवर बसवला. वाळूत तीन पानं निघाली होती. हिरवीच होती.

अंगणात चुना पसरून झाला. भुरी रिकाम्या गोणपाटावर बसलेली होती. बेबीबाईनं लुगड्यावरून कापूस वेचायची ओटी बांधली, पत्र्याचा डबा आणि काठी घेतली. उसाच्या कडेनं डबा वाजवत ती कपाशीत शिरली. भुरी बांधापर्यंत मागं आली आणि तिथं बसली. पहिली ओळ अर्धी वेचून झाली तेव्हा बेबीबाईनं पुन्हा एकदा डबा वाजवला आणि पुढच्या बोंडाला हात घातला.