रेस द्यायची की नाही

साधनाला स्टुलावर बसवत नसे. पेठ रोडवरच्या गॅरेजात कार्बन काढायचं मशीन सुरू झालं की त्या अर्ध्या तासात ती चार वेळा नळी चाचपायची, उगाच बॉनेटखाली डोकावायची. मशीन पाण्यापासून हायड्रोजन तयार करून चालू इंजिनाला पाजायचं; आतली काजळी जळून सायलेन्सरवाटे निघून जायची. नवऱ्याच्या, खंडेरावांच्या मणक्यात गॅप आली आणि त्यांच्या गॅरेजातलं हे काम तिच्याकडे आलं. ट्रेनिंगला तेवीस पुरुष आणि ती एकटी. “ताई, हा मिक्सर नाही,” असं एक जण म्हणाला होता. आता अडलं की तोच तिला फोन करायचा.

आज भिमाजी सरांची एकोणीस वर्षांची पेट्रोल गाडी होती. साधनाच्या दोन्ही मुलांना गणित शिकवलेले सर.

“इंजिनातलं तेल?” तिनं आधीच विचारलं होतं.

“परवाच बदललं.”

सरांच्या शब्दावर काय तपासायचं, म्हणून तिनं तेलाची पट्टी ओढून पाहिलीच नाही. वीस मिनिटांनी धूर निळसर झाला. तिनं मशीन, इंजिन दोन्ही बंद केलं, पट्टी ओढली. टोक जेमतेम ओलं; तेल तळाला गेलेलं.

“सर, खरं सांगा.”

सरांनी पलीकडच्या टपरीवर फोनवर बोलणाऱ्या आपल्या मुलाकडे, मनोजकडे पाहिलं. “हळू बोल. दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटर घालतो. मनोजला कळलं तर गाडी भंगारात देईल.”

“मग बदललं कशाला म्हणालात?”

“घातलं ते नवीनच होतं ना!”

साधनाला हसू आलं नाही. “काजळी निघाली, पण पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तेल आत जळतंय. त्याला माझं मशीन काही करू शकत नाही.”

“नको करू दे. मनोजला फक्त रुमाल दाखव.”

काम झालं की सायलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरून गिऱ्हाइकाला दाखवायची सगळ्याच गॅरेजांची पद्धत. गाडी नुसती चालू ठेवली तर तो स्वच्छ राहिला असता. रेस दिली की तेल उडणार.

“रेस देऊ नकोस,” सर पुटपुटले, परीक्षेत शेजाऱ्याला उत्तर विचारावं तसे.

तिनं तेल भरलं. हात तीनदा पुसले, तरी चिकटच लागत होते. रविवारी सर आणि काकू याच गाडीनं सटाण्याला निघणार होते. मध्ये घाट; चढावर तेल संपलं तर इंजिन जाम.

मनोज आला. “झालं का ताई? आता तरी बाबांना सांगा, धूर ओकते ती.”

“तुम्हीच धरा रुमाल.”

सरांनी गाडी चालू केली. रुमाल किंचित दमट झाला, पण पांढराच.

“बघ!” सर आतून ओरडले.

साधना खिडकीशी गेली. “सर, रेस द्या.”

पाय हलला नाही.

“शेजारी काकू बसणार आहेत ना?”

सरांनी समोर बघतच पाय दाबला. निळा धूर, रुमालावर तेलाचे ठिपके, मनोज खोकत मागे सरला. “बघितलंत? उद्याच भंगारवाल्याला—”

“भंगारात कशाला?” साधनाचा आवाज चढला. “रिंगा बदलता येतात. आठ दिवस इथं ठेवा. आणि रविवारी तुमच्या गाडीनं न्या की त्यांना!”

“रविवारी मला जरा...” मनोजनं वडिलांकडे पाहिलं आणि थांबला. “किती वाजता निघायचं, बाबा?”

“सहाला. तुला जमेल?”

“उठतो.”

सरांनी किल्ली काढली, मुठीत धरून ठेवली, मग साधनाच्या हातावर ठेवली. “आठ म्हणजे आठच हं.”

इंजिन निवायला तास तरी लागणार होता. तरी साधना आतापासूनच पेटीतले पाने काढू लागली.