काखेतली बॅटरी

माझा मेहुणा शिंपी आहे. दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेला असतो आणि सुट्टी मिळाली की आगगाड्यांचे फोटो काढतो. आमच्या मार्गावरचं वाफेचं जुनं इंजिन त्या रविवारी शेवटचं धावणार होतं, आणि त्याचा मनासारखा फोटो मेहुण्याला आजवर एकदाही साधला नव्हता.

सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. पुलाजवळ वीसेक हौशी माणसं स्टँडवर मोठे कॅमेरे चढवून तयार होती. मेहुण्याने मात्र कॅमेऱ्यातली बॅटरी काढून स्वेटरच्या आत काखेत धरली. थंडीत बॅटरी उतरते, हा धडा त्याला मागच्या हिवाळ्यात मिळाला होता.

"अहो, अंडी उबवताय का?" माझ्या बहिणीने विचारलं.

"काखेत कळसा ऐकला होता, बॅटरी आजच पाहिली!" एक जण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, ते चुकलंच माझं.

गाडी दोन तास उशिरा आली. लांबवर धूर दिसला तेव्हा बहुतेकांचे कॅमेरे गारठून बंद पडले होते. पिशवीतल्या जादा बॅटऱ्याही तशाच गार. एकच आरडाओरडा झाला. मेहुण्याने शांतपणे आपली ऊबदार बॅटरी कॅमेऱ्यात सरकवली. पांढऱ्या वाफेचे लोट सोडत इंजिन पुलावर आलं आणि त्याने बटण दाबलं.

मग मोठे कॅमेरेवाले त्याच्या कॅमेऱ्याच्या छोट्याशा पडद्याभोवती गोळा झाले. फोटोत इंजिनाच्या दांड्यावर साचलेला बर्फसुद्धा स्पष्ट दिसत होता.

"सरका बरं जरा," बहीण गर्दीत घुसली. "नवरा माझा आहे, आधी मी बघणार!"